२८५/७० आर१७ टायर बसवायचेत : २५ मिमी स्पेसर की कमी ऑफसेटची रिम? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी लॅडर फ्रेमची, पुढे डबल विशबोन, मागे सलग अ‍ॅक्सल. सहा स्टड, पीसीडी (स्टड ज्या वर्तुळावर आहेत त्याचा व्यास) १३९.७ मिमी. रिम १७ × ७.५, ऑफसेट (रिमच्या मध्यरेषेपासून हबला, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाला, टेकणारं तोंड किती मिमी बाहेर आहे ते) +३०. सध्याचे टायर २६५/६५ आर१७ आहेत, ते झिजलेत आणि आता २८५/७० आर१७ टाकायचेत. व्यास ७७६ वरून ८३१ मिमी होतो, म्हणजे अ‍ॅक्सलखाली साधारण २७ मिमी जास्त जागा. खडकाळ वाटेवर मागचं डिफरन्शियल (अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा फुगीर भाग) दगडाला लागतं, त्यासाठी ही जागा हवी आहे. लिफ्ट किटने बॉडी वर जाते, पण सलग अ‍ॅक्सलचं डिफरन्शियल होतं तिथेच राहतं, म्हणून टायरपासून सुरुवात करतोय.

मित्राकडून याच मापाचे दोन नवे टायर आणून माझ्या रिमवर चढवले आणि पुढे लावून पाहिले. दोन ठिकाणी अडचण आहे. स्टिअरिंग पूर्ण वळवलं की टायरचा आतला खांदा अँटीरोल बारला (वळणावर गाडी कलू नये म्हणून दोन्ही बाजूंचं सस्पेन्शन जोडणारा दांडा) टेकतो. नव्या टायरच्या खांद्यावर रबराचे बारीक केस असतात ना, ते एका पट्ट्यात साफ उडालेत आणि तिथलं रबर चकचकीत झालंय. दुसरं म्हणजे, वळवून रिव्हर्स घेताना चाकामागचं प्लास्टिकचं लायनर घासतं.

रिम पालथी ठेवून आतल्या काठावर सरळ पट्टी आडवी टाकली आणि हबला टेकणाऱ्या तोंडापर्यंत खोली मोजली. बॅकस्पेसिंग १३८ मिमी भरलं. हिशोबानेही तेच येतं : ७.५ इंच ही फक्त टायर बसतो तिथली रुंदी, दोन्ही काठ धरून ८.५ इंच, म्हणजे २१६ मिमी. त्याचे निम्मे १०८, त्यात ऑफसेटचे ३० मिळवायचे.

आता पर्याय असे. २५ मिमी स्पेसर (हब आणि रिम यांच्यामध्ये बसणारी जाड धातूची तबकडी) लावला तर ऑफसेट +५ आणि बॅकस्पेसिंग ११३. आत २५ मिमी मोकळे होतात, चाक तेवढंच बाहेर येतं. नवी रिम १७ × ८.५, ऑफसेट ० घेतली तर बॅकस्पेसिंग १२१, म्हणजे आत फक्त १७ मिमी मिळतात, पण बाहेरचा काठ तब्बल ४३ मिमी बाहेर जातो. ‘स्पेसर नको, रिमच बदला’ असं जिथे तिथे वाचतोय, पण या आकड्यांत मला रिमचा फायदा दिसत नाही.

स्पेसरने बेअरिंगवर खरंच जास्त ताण येतो का? आणि चाक बाहेर काढल्यावर मागचं लायनर कमी घासेल की जास्त? खरी काळजी या दुसऱ्या प्रश्नाची आहे.

प्रतिसाद १

लायनर जास्त घासेल. चाक स्वतःच्या मध्याभोवती वळत नाही, दोन बॉल जॉइंटमधून जाणाऱ्या रेषेभोवती वळतं. चाक त्या रेषेपासून जितकं लांब, तितकं वळताना मोठं वर्तुळ घेतं. ज्या बाजूला वळाल त्या बाजूचं चाक मागे सरकतं, पलीकडचं पुढे बंपरकडे. स्टिअरिंग ३५ अंश वळलं असं धरा, २५ मिमी स्पेसरने चाक आणखी १४ मिमी मागे जाईल. शिवाय टायरची त्रिज्या २७ मिमीने वाढलेली आहेच. अँटीरोल बारचं घासणं बॅकस्पेसिंगमुळे आहे, लायनरचं व्यासामुळे. पहिल्यावर जो उपाय कराल त्याने दुसरं वाढणार.

बेअरिंगला स्पेसर आणि रिम यातला फरक कळत नाही. त्याला टायरची मध्यरेषा कुठे आहे तेवढंच कळतं. स्पेसरने ती २५ मिमी बाहेर जाते, तुमच्या नव्या रिमने ३०. त्यामुळे त्या कारणासाठी स्पेसरला नावं ठेवणं चुकीचं आहे.

पण तुम्हाला २५ मिमी हवेत कशाला? टायर बारला नुसता टेकतोय. बारवर मॉडेलिंग क्लेचा गोळा चिकटवा, स्टिअरिंग फिरवा, किती दबला ते मोजा. १७ × ८, ऑफसेट +१० अशी रिम घेतलीत तर आत १४ मिमी मिळतात, मध्यरेषा फक्त २० मिमी सरकते. मी हीच घेईन. लायनरसाठी अलाइनमेंटला कॅस्टर (बॉल जॉइंटमधून जाणाऱ्या त्या रेषेचा मागे कललेला कोन) वाढवून घ्या, खालचा बॉल जॉइंट पुढे सरकतो तसं चाकही थोडं पुढे येतं. उरलेलं लायनर क्लिप काढून, गरम करून मागे दाबा.

प्रतिसाद २

स्पेसरच लावणार असाल तर हबच्या मधल्या गोलावर घट्ट बसणारा आणि स्वतःचे स्टड असलेलाच घ्या. नुसती चकती सरकवली की नटाला धरायला आटे कमी पडतात. एम१२ × १.५ स्टडवर नट किमान आठ पूर्ण फेरे बसला पाहिजे. हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशने काढा, टॉर्क रेंचनेच आवळा, आणि ८०-१०० किमी चालल्यावर पुन्हा तपासा. त्यासाठी चाक काढावं लागतं, कारण स्पेसरचे नट चाकामागे दडलेले असतात. हे अनेकजण टाळतात आणि नट सैल होतात तेही तिथेच.

टायरला ७ टक्के मोठा व्यास आहे, तेव्हा स्पीडोमीटर १०० दाखवेल तेव्हा गाडी १०७ ला असेल, हेही लक्षात ठेवा.

धागाकर्ता

दोघांचे मनापासून आभार. मध्यरेषेचा मुद्दा लख्ख समजला. क्ले लावून बघतो. पण एक चाक रॅम्पवर चढवून मोजलं तर चालेल का?

प्रतिसाद १

नाही, रॅम्पवर सस्पेन्शन पूर्ण दबत नाही. फ्रेम स्टँडवर घ्या, पुढचे दोन्ही कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक अ‍ॅब्सॉर्बरची जोडी) काढा, खालच्या आर्मखाली जॅक लावून बम्प स्टॉप (सस्पेन्शन शेवटी ज्यावर टेकतं तो रबराचा ठोकळा) दबेपर्यंत दोन्ही बाजू सारख्या उचला आणि मग स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवा. अँटीरोल बारच्या लिंक जोडलेल्याच राहू द्या, नाहीतर बार खऱ्या जागी येणार नाही आणि क्लेवरचा आकडा फसवेल.