अनुभव धागा: लॅपटॉप चार्ज होत नाही, दोष नेमका कुठे शोधायचा?

लॅपटॉपला पिन लावली पण चार्जिंग सुरूच होत नाही, किंवा पिन एका ठरावीक कोनात धरली तरच होतं. अशा वेळी बरेच जण आधी नवी बॅटरी मागवतात आणि दोष निघतो वायरीत. म्हणून हा धागा. ज्यांनी ही कामं स्वतःच्या हाताने केली आहेत त्यांनी नेमकं लिहावं: लक्षण काय होतं, दोष कसा ओळखायचा, कोणता भाग लागतो, किती व्होल्ट दिसायला हवेत, हात कुठे चुकतो.

सुरुवात मी करतो. वीज भिंतीतून निघाल्यापासून तिची वाट अशी: सॉकेट, कॉर्ड, अडॅप्टरचा ठोकळा, त्यातून निघणारी बारीक वायर, पिन, लॅपटॉपचा जॅक, बोर्डावरचं चार्जिंग सर्किट आणि शेवटी बॅटरी. तपासणीही याच क्रमाने करायची, उड्या न मारता. कॉर्ड आधी बदलून बघा, कारण ती सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. तीन भोकांची कॉर्ड ठोकळ्यात वरवर बसलेली दिसते, पण अजून तीन-चार मिलिमीटर आत जायची बाकी असते. घट्ट दाबून बघा.

ठोकळ्यावर दिवा असेल तर एक चाचणी फुकटात होते. पिन मोकळी असताना दिवा लागतो आणि लॅपटॉपमध्ये घालताच विझतो, तर पलीकडे शॉर्ट आहे आणि अडॅप्टरने स्वतःला वाचवायला वीज तोडली आहे. मात्र अडॅप्टर आतून अशक्त झाला असेल तरी असंच दिसतं. म्हणून तशाच दुसऱ्या अडॅप्टरने खात्री करा, मगच लॅपटॉप उघडा.

*

मल्टीमीटरबद्दल. गोल पिनेच्या अडॅप्टरचा आउटपुट बहुधा १९, १९.५ किंवा २० व्होल्ट असतो, लेबलवर छापलेला असतो. मीटर डीसीच्या २०० व्होल्टच्या रेंजवर ठेवा. २० च्या रेंजवर ठेवला तर साधे मीटर १९.९९ च्या पुढे नुसता १ दाखवतात आणि माणूस समजतो की अडॅप्टर बिघडला. लाल टोक पिनेच्या भोकात, काळं बाहेरच्या कड्याला. टोक आत घालताना दोन्ही कडांना एकदम लागू देऊ नका, तिथेच शॉर्ट होतो. मीटरचं सुईसारखं बारीक टोक वापरलेलं बरं.

पण नुसते व्होल्ट बरोबर आले म्हणून अडॅप्टर चांगला असं नाही. भार नसताना १९.५ दाखवणारा अडॅप्टर भार पडला की १४ वर कोसळू शकतो. घरी भार देण्याचा सोपा मार्ग म्हणजे गाडीच्या इंडिकेटरचे १२ व्होल्ट २१ वॉटचे दोन बल्ब, एकामागे एक सिरीजमध्ये. यातून साधारण दीड अँपिअर वाहतात. बल्ब गरम होतात, लाकडावर किंवा प्लॅस्टिकवर ठेवू नका. दहा मिनिटांत आकडा १८.५ च्या खाली गेला तर तो अडॅप्टर बदलायचा. ठोकळा उघडून दुरुस्त करायला जाऊ नका. २३० व्होल्टच्या लाइनवर आतल्या मोठ्या कपॅसिटरवर (वीज साठवणाऱ्या भागावर) जवळजवळ ३२५ व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही ते टिकून राहू शकतात.

नवा घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. ६५ वॉटचा म्हणजे १९ व्होल्ट ३.४२ अँपिअर. ९० वॉटचा चालेल. ४५ चा लावला तर लॅपटॉप बंद असतानाच कशीबशी बॅटरी भरेल आणि ठोकळा तापेल.

*

वायर हलवली की चार्जिंग जातं-येतं, असं असेल तर तुटलेली जागा बहुतेक पिनेपासूनच्या पहिल्या ५ सेंटीमीटरमध्ये असते, नाहीतर ठोकळ्यातून वायर निघते तिथे. लॅपटॉपला न लावता, मीटर जोडून, वायर दर सेंटीमीटरला हलकी वाकवत जा. आकडा जिथे थरथरेल तिथे खूण करा.

ही वायर साधी दोन तारांची नसते. मध्ये इन्सुलेशन असलेली तार प्लस आणि तिच्याभोवती विणलेली उघडी जाळी मायनस. अडॅप्टर भिंतीतून काढा, खुणेच्या दोन्ही बाजूंनी २-२ सेंटीमीटर काढून टाका. श्रिंक नळीचे (गरम केल्यावर आकसून घट्ट बसणाऱ्या नळीचे) तुकडे आधीच वायरीत ओवून ठेवा, डाग (सोल्डर) दिल्यावर आठवलं तर सगळं पुन्हा उकलावं लागतं. जाळी पिळून एका बाजूला घ्या. प्लसचा सांधा आणि मायनसचा सांधा एकासमोर एक येऊ देऊ नका, दीड सेंटीमीटर मागे-पुढे ठेवा. प्लसवर एक नळी, मग सगळ्यावर मोठी नळी, शक्यतो आतून चिकट असलेली.

नुसता पीळ देऊन वर टेप गुंडाळू नका, मी हे कळकळीने सांगतो. सैल सांध्याचा रेझिस्टन्स अर्धा ओहम जरी धरला तरी ३.४२ अँपिअरला तिथे १.७ व्होल्ट गळतात आणि जवळजवळ ६ वॉट उष्णता त्या एवढ्याशा जागेत तयार होते. टेपचा डिंक वितळतो, टेप सरकते आणि जाळी प्लसला टेकते.

*

पिन नवी बसवली, व्होल्ट बरोबर येतात, लॅपटॉप चालतोय, पण बॅटरी भरत नाही. सुरू करताना अडॅप्टरचा प्रकार ओळखता येत नाही असा मजकूर येतो. काय राहिलं असेल?

*

वरच्या प्रश्नाला: ओळखीची तार राहिली आहे. डेल आणि एचपीच्या गोल पिनेत मधोमध एक बारीक सुई दिसते. ती वीज नेत नाही, अडॅप्टर किती वॉटचा हे लॅपटॉपला सांगते. डेलमध्ये त्यासाठी अडॅप्टरमध्ये छोटी चिप असते. ही माहिती मिळाली नाही की लॅपटॉप बॅटरी भरणं बंद ठेवतो आणि प्रोसेसरचा वेगही उतरवतो. अशा वायरीत प्लस आणि जाळीखेरीज एक तिसरी, केसासारखी बारीक तार असते. सोलताना ती हमखास कापली जाते. दोन तारांची साधी पिन इथे चालणार नाही, तीन तारांची तयार पिन-वायर मिळते ती लावा.

नवी पिन जोडलेली असूनही मजकूर येत असेल तर पिनेच्या तोंडात टॉर्च मारा. ही सुई वाकलेली असली तर लॅपटॉपच्या बाजूचा संपर्क होत नाही. आणि माप नीट बघा: ७.४ मिलिमीटरची जुनी पिन आणि ४.५ ची नवी, दोन्हींत सुई असते पण एकमेकींत बसत नाहीत. सुई नसलेल्यांमध्ये ५.५ बाय २.५ आणि ५.५ बाय २.१ या जोडीत घोळ होतो, बाहेरून दोन्ही एकसारख्या दिसतात. २.५ ची पिन २.१ च्या जॅकमध्ये जाते, पण डुगडुगते आणि ठिणग्या पडून जॅक काळा पडतो.

*

टाइप-सी चार्जरला मीटर लावला तर शून्य दाखवतो. म्हणजे गेला का?

*

नाही, ते बरोबर आहे. टाइप-सी चार्जर समोर कोणी आहे याची खात्री झाल्याशिवाय वीज सोडत नाही. सीसी नावाच्या संपर्कावर लॅपटॉपच्या बाजूचा ५.१ किलोओहमचा रेझिस्टर दिसला की आधी ५ व्होल्ट येतात, मग दोघांचं बोलणं होऊन ९, १५ किंवा २० व्होल्ट ठरतात. म्हणून इथे मल्टीमीटर उपयोगाचा नाही. चार्जर आणि लॅपटॉपच्या मध्ये लावायचा छोटा यूएसबी-सी टेस्टर घ्या, तो व्होल्ट आणि अँपिअर दोन्ही दाखवतो.

टेस्टरवर २० व्होल्ट आणि दीड-दोन अँपिअर दिसले तर चार्जिंग ठीक आहे. ५ व्होल्टवरच अडकला तर बोलणं होत नाहीये. आधी केबल बदला, मग चार्जर. केबल उलटी करून घाला: एका बाजूने चालतं आणि दुसऱ्या बाजूने नाही, तर पोर्टमधला किंवा प्लगमधला एखादा संपर्क गेला आहे. केबलचंही गणित आहे. ६० वॉटपर्यंत, म्हणजे २० व्होल्ट ३ अँपिअरला, दोन्हीकडे सी असलेली कोणतीही धड केबल चालते. त्यापुढे ५ अँपिअर हवे असतील तर केबलच्या आत ओळख सांगणारी चिप लागते. ती नसेल तर १०० वॉटचा चार्जरही ६० च्या पुढे जाणार नाही.

प्लग पूर्ण आत न जाता मिलिमीटरभर बाहेर राहत असेल तर पोर्टच्या तळाशी कपड्यांचा भुसा दाबून बसलेला असतो. लॅपटॉप बंद करून, चार्जर काढून, टूथपिक उभी चिरून पातळ करा आणि मधल्या जिभेच्या दोन्ही बाजूंनी हळूच उकरा. त्या करड्या नमद्यासारख्या गादीचा तुकडा एकदम निघून येतो. टाचणी किंवा सुई नको. संपर्कांमधलं अंतर अर्ध्या मिलिमीटरचं असतं आणि सीसीच्या अगदी शेजारी २० व्होल्टचा संपर्क आहे. म्हणूनच ओल्या पोर्टमध्येही चार्जर लावायचा नाही, पाण्याच्या थेंबाने ते दोन जुळले तर बोलणं करणारी चिपच जाते.

*

जॅकवर कोणी लिहिलं नाही, तेच खरं घरच्या दुरुस्तीचं काम आहे.

जॅक दोन प्रकारचे. एक वायरवाला: जॅक बाजूला स्क्रूने बसवलेला आणि त्याची छोटी वायर बोर्डावर कनेक्टरने जोडलेली. हा कोणीही बदलू शकतो. मागचे स्क्रू काढताना कागदावर लॅपटॉपची आकृती काढून प्रत्येक स्क्रू त्याच्या जागी खोचून ठेवा, लांबी वेगवेगळी असते आणि लांब स्क्रू आखूड जागी गेला तर कीबोर्डच्या बाजूने फुगवटा येतो. पहिलं काम बॅटरीचा कनेक्टर सोडवणं, त्याआधी आत काहीही शिवू नका. जॅकचा कनेक्टर ओढताना पांढऱ्या घरट्याला धरा, तारांना नाही. पुष्कळदा ही वायर बिजागराखालून जाते आणि झाकण उघडझाप करून चेंगरते. नवी टाकताना जुनी ज्या खाचांतून गेली होती त्याच खाचांतून न्या. भाग मागवताना मॉडेलचं नाव पुरत नाही. जुन्या वायरीवरचा नंबर, पिनांची संख्या आणि वायरीची लांबी जुळवा.

दुसरा बोर्डावर डाग दिलेला. इथे बहुतेक वेळा जॅक मोडलेला नसतो, डाग तडकलेला असतो. बोर्ड उलटा करून तिरपा उजेड पाडा आणि भिंगातून जॅकच्या पायांकडे बघा. पायाभोवती केसाएवढी काळसर गोल रेघ दिसली की तोच दोष. फ्लक्स (सोल्डर नीट धरायला लावायची पेस्ट) लावून, जुनं सोल्डर काढून, नवं भरलं की काम होतं.

पण डाग द्यायची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न) कोणती हे महत्त्वाचं. २५ वॉटची साधी इस्त्री इथे नको. ग्राउंडचे (मायनसचे) पाय बोर्डातल्या तांब्याच्या मोठ्या थराला जोडलेले असतात आणि तो थर सगळी उष्णता ओढून घेतो. माणूस मग इस्त्री दाबून धरतो आणि कॉपरचा पॅड उचकटतो. ६० वॉट किंवा जास्त, तापमान ठरवता येणारी, ३५० ते ३८० अंशांवर, छिन्नीसारखं रुंद टोक. जुनं शिसेविरहित सोल्डर २१७ अंशांच्या आसपास वितळतं. त्यात ६३-३७ चं (कथील-शिशाचं) सोल्डर मिसळलं, जे १८३ ला वितळतं, तर ते मिश्रण लवकर सुटतं. सगळे पाय मोकळे झाल्याशिवाय जॅक ओढायचा नाही, नाहीतर भोकातलं तांब्याचं अस्तर पायाबरोबर बाहेर येतं.

जोडल्यावर लगेच वीज देऊ नका. बॅटरी सुटीच ठेवून जॅकच्या प्लस आणि ग्राउंडमध्ये रेझिस्टन्स मोजा. आकडा चढत जाऊन स्थिरावला तर ठीक. एक-दोन ओहमवरच बसून राहिला तर शॉर्ट आहे: आपलंच सोल्डर ओघळलं असेल किंवा पुढचा मॉसफेट (वीज चालू-बंद करणारा भाग) किंवा कपॅसिटर गेला असेल. मॉसफेट किंवा कपॅसिटरचा दोष वाटला तर बोर्डाचं काम जाणणाऱ्याकडे द्यावं.

*

स्क्रूड्रायव्हर हातात घेण्याआधी हे बघा. बॅटरी ६० किंवा ८० टक्क्यांवर थांबत असेल तर कंपनीच्या ॲपमध्ये किंवा बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या सेटिंगमध्ये) मर्यादा लावलेली असते, तो बिघाड नाही. बॅटरी खूप तापली किंवा तापमान शून्याच्या खाली असलं तरी चार्जिंग थांबतं. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर पॉवरसीएफजी, मग जागा सोडून स्लॅश आणि बॅटरीरिपोर्ट हा एकच शब्द (powercfg /batteryreport) दिला की अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावरची क्षमता शेजारी शेजारी असतात. ५०,००० चे २०,००० झाले असतील तर जॅक कितीही बदला, बॅटरीच संपलेली आहे.

आणि सगळं ठीक असूनही अडलं असेल तर चार्जर काढा, बॅटरी सोडवा, पॉवर बटण ३० सेकंद दाबून धरा, मग आधी फक्त चार्जर लावून सुरू करा. चार्जिंग सांभाळणारा कंट्रोलर अडकला असेल तर याने सुटतो.

*

टचपॅड वर उचललेला, दाबला जात नाही, किंवा खालचं झाकण टेबलावर डुगडुगतं: बॅटरी फुगली आहे. चार्जर ताबडतोब काढा आणि पुन्हा लावू नका. स्क्रू काढताना झाकण दाबू नका. बॅटरी चिकटवलेली असेल तर धातूच्या पट्टीने उचकू नका, चिकटपट्टीची शेपटी असेल तर ती सरळ रेषेत, सावकाश ओढा. शेपटी नसेल किंवा तुटली तर तिथेच थांबा आणि लॅपटॉप तसाच दुरुस्तीवाल्याकडे द्या. सुई टोचून हवा काढायचा प्रयत्न कोणी करू नये, आग लागते. निघालेली बॅटरी कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात, घराबाहेर सावलीत ठेवा आणि ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या. नेहमीच्या कचऱ्यात नको.