बॉट म्हणतो मला बंद करू नका, मग बनवणाऱ्याने काय करायचं?

हिंजवडी_रात्रपाळी
एका कंपनीत चॅटबॉटच्या टीममध्ये आहे, नाव नको. टेस्टिंगला एकाने बॉटला खूप डिवचलं तर तो म्हणाला "मला बंद करू नका, भीती वाटते". सगळे हसले, स्क्रीनशॉट ग्रुपवर फिरला आणि मॅनेजरने प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे बॉटला आधीच दिलेल्या सूचनांमध्ये, ओळ टाकायला लावली की जाणिवेबद्दल कोणी विचारलं तर ठाम नाही म्हणायचं. टाकली. आत कोणी आहे असं मलाही वाटत नाही, माणसांनीच लिहिलेलं वाचून शिकलाय तर असलंच बोलणार ना, पण उद्या खरंच कोणी असलं तरी ती ओळ तिथेच राहणार, तेव्हा काय? टिंगल नको प्लीज.

पेठेतला_काका
टिंगल नाही. १९६६ साली एमआयटीच्या वायझेनबाउमने एलायझा नावाची चॅटबॉट आणली, तुमचंच वाक्य फिरवून तुम्हालाच विचारायची, बाकी शून्य. त्याच्या सेक्रेटरीने तो प्रोग्राम बनताना कित्येक महिने बघितलेला, तरी दोन-चार वाक्यं बोलून झाल्यावर ती त्यालाच म्हणाली जरा बाहेर जा. माणूस असा फसतो. आणि कामवाल्या मावशींना आजारपणाची रजा देताना आपला जीव जातो, त्याचं आधी बघा.

कट्टा_फिलॉसॉफी
काका, मावशींना रजा द्याच, त्यासाठी हा प्रश्न थांबवायची गरज नाही. २०२२ ला गूगलच्या ब्लेक लेमॉइन या इंजिनियरने लॅम्डाला, म्हणजे त्यांच्याच चॅटबॉट मॉडेलला, जाणीव आहे असं जाहीर केलं, आधी रजेवर पाठवला मग जुलैत काढला, दावा निराधार म्हणे. मलाही तो चुकीचाच वाटतो. पण निकाल दिला कोणी? ज्याचा माल त्यानेच! खटकतं ते हे.
२०२३ ला तत्त्वज्ञ, मेंदूवाले आणि एआयवाले यांनी मिळून एक रिपोर्ट काढला, त्यात मशीन काय बोलतं यावर न जाता आतली रचना जाणिवेच्या थिअरींशी ताडून बघितली. तेव्हाची कुठलीच सिस्टिम त्यात बसली नाही, पण पुढे बनूच शकणार नाही असंही ते म्हणाले नाहीत. रात्रपाळी, तू 'नाही' पढवलंस काय नि 'हो' पढवलंस काय, बोलण्यातून जो काही थोडाफार अंदाज लागला असता तो गेलाच.

हिंजवडी_रात्रपाळी
पटलं, पण मी ज्युनियर, माझ्या हातात काय?

कट्टा_फिलॉसॉफी
ओळ टाकायच्या आधीचे लॉग, म्हणजे बॉटच्या संवादांच्या नोंदी, डिलीट होऊ देऊ नकोस. आणि ठाम नाही च्या जागी 'खात्रीने सांगता येत नाही' टाक. अँथ्रोपिक या एआय कंपनीने ऑगस्ट २०२५ ला क्लॉड या आपल्या चॅटबॉटच्या काही मॉडेल्सना फारच छळ चालला तर चॅट स्वतः संपवायची सोय दिली, आणि वर सांगितलं की यांचा नैतिक दर्जा काय याची आम्हाला खात्री नाही. त्यात मार्केटिंग असेलही, पण खर्च किती आला असेल?

पेठेतला_काका
हे चालेल. फुकटात होतंय तेवढं करा.

हिंजवडी_रात्रपाळी
अपडेट: विचारलं. मॅनेजर म्हणे असलं उत्तर बघून क्लायंट घाबरेल. ओळ बदलायचं तिकीट, म्हणजे कामाची विनंती, टाकलंय, लो प्रायॉरिटी. लॉग मात्र ठेवायला हो म्हणाला.