ईव्हिल डेड राइज आधीच्या भागांच्या तोडीचा आहे का? (मटणाच्या दुकानातून विचारतोय)

रक्तीमुंडी | रात्री १:१०

झोप येईना म्हणून लिहितोय. आमचं दुकान सोमवारी बंद असतं, त्यामुळं रविवारची रात्र पिक्चरची. गेले चार रविवार मंगळवार पेठेत मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत भिंतीवर प्रोजेक्टर मारून ईव्हिल डेड या अमेरिकन भुताच्या पिक्चरांची रांग संपवली. १९८१ चा, १९८७ चा, २०१३ चा आणि आज २०२३ चा राइज. मधला सांगाड्यांच्या फौजेचा (आर्मी ऑफ डार्कनेस) मुद्दाम सोडला, तो भीतीचा नव्हे, जत्रेचा पिक्चर. पुढं कथा फुटणार आहे. ज्यांनी बघितला नाही त्यांनी इथूनच मागं फिरा.

सवाल साधा आहे. राइज आधीच्यांच्या तोडीचा आहे का? मित्र म्हणतो, सगळ्यांत भारी. मी म्हणतो, निम्मा.

आजोबांपासूनचं मटणाचं दुकान आहे आमचं. पंधराव्या वर्षापासून मी ओंडक्यामागं उभा आहे. त्यामुळं पडद्यावर रक्त आलं की माझं लक्ष आधी रंगाकडं जातं. बोकडाचं रक्त ताटात धरलं की पहिल्यांदा लालभडक दिसतं. पाच-दहा मिनिटांत थिजायला लागतं, वर साय धरल्यागत होतं, रंग काळपटाकडं झुकतो. रक्ती करून खाणाऱ्यांना सांगायला नको, सुरीनं वड्या पडतात त्याच्या. पिक्चरमधलं रक्त तासभर गेला तरी तसंच ओलं, तसंच लाल. एकदा ते खटकलं की मग ते नुसतं सरबत वाटतं.

राइजला म्हणे ६,५०० लिटर खोटं रक्त लागलं. म्हणजे पाण्याचा एक टँकर. शेवटाकडं अख्खी लिफ्ट रक्तानं भरते आणि दार उघडल्यावर धरण फुटल्यागत सगळं बाहेर येतं. मला काही झालं नाही. मी भडंग खात होतो.

पण त्याआधी किसणी आली. मोठी पोरगी अंगात आल्यावर मावशीला धरते आणि स्वयंपाकघरातली किसणी तिच्या पोटरीवरनं खाली ओढते. एकदाच. रक्त वाटीभरसुद्धा नसेल. भडंगाचा घास तोंडात तसाच राहिला, लका. आमची आई तांबड्या रश्श्याला सुकं खोबरं तसल्याच किसणीवर किसते. वाटी संपत आली की शेवटचा तुकडा हातात मावत नाही, तरी ती सोडत नाही. तिच्या अंगठ्याच्या कडेची कातडी कायम सोललेली. माझ्या डाव्या हाताच्या तीन बोटांना सुऱ्याचे टाके आहेत, त्याचं मला काही वाटत नाही. किसणीला मात्र मी लहानपणापासून भितो.

मग निम्मा का म्हणतो? दुसऱ्या भागात गडी स्वतःचा बिघडलेला हात कापतो, तो बादलीखाली झाकतो आणि हलू नये म्हणून वर पुस्तकं ठेवतो. (सगळ्यांत वरच्या पुस्तकाचं नाव थांबवून वाचा.) एका भुताचा डोळा उडतो तो थेट बाईच्या तोंडात जाऊन बसतो. तुम्ही हसताय तोवर पुढचा दणका बसतो. तो वात्रटपणा राइजमध्ये औषधालाही नाही. सगळे आपले तोंड पाडून मरतात. मलाच असं वाटतंय का?

तिसरा_मजला | सकाळी ९:३२

मी दोन पोरांची आई आहे, राजारामपुरीत अपार्टमेंटमध्ये राहतो. (होय, बाईच आहे. आम्ही कोल्हापूरच्या बायका असंच बोलतो, पुणेकरांनी शुद्धलेखन काढू नये.)

किसणीचं कौतुक पुरे. तुम्हाला पिक्चरचं मर्म कळलंच नाही, भाऊ. आधीच्या बहुतेक भागांत जंगलातली खोली आणि दोस्तमंडळी. दोस्ताला भूत लागलं तर पळून तरी जाता येतं. इथं भूत लागतं ते आईला, आणि घरात तीन लेकरं. लिफ्टमधनं ती परत येते आणि काय करते? अंडी करायला घेते. तव्यात टरफलांसकट फोडते. तिथंच माझ्या पोटात गोळा आला, कारण रात्रपाळी करून आल्यावर मीही तशीच डोळे मिटून गॅससमोर उभी असतो.

नंतर तिला दाराबाहेर ठेवून कडी लावतात. बाहेरच्या पॅसेजमध्ये ती शेजाऱ्यांना फाडते, ते आपल्याला दाराच्या भोकातनं दिसतं, तेही वाकडंतिकडं, निम्मं तर चौकटीच्या बाहेरच घडतं. मग ती येऊन गोड आवाजात धाकटीला दार उघडायला सांगते. पोरीचा हात कडीकडं जातो. सहा वर्षांची माझी धाकटी पण उघडेल. आई म्हणते उघड, तर लेकरू उघडणारच की.

तुम्हाला हसायचं असेल तर दुसरे पिक्चर आहेत.

जुनी_रीळ | सकाळी ११:०५

रक्तीमुंडी, तुमच्या किसणीचा पूर्वज पहिल्याच भागात आहे. १९८१ च्या चित्रपटात घोट्यात काय खुपसलं, आठवा. पेन्सिल! साधी शाळेची पेन्सिल, खुपसून वर गोल फिरवली. आम्ही तो व्हिडिओ पार्लरमध्ये पाहिला, सहाव्या-सातव्या हाताची कॅसेट, चित्रावर मुंग्या. तरी त्या पेन्सिलीला सगळं पार्लर एकदम पाय वर घेऊन बसलं होतं. घरातली वस्तू अंगावर उलटणं ही या मालिकेची जुनी खोड आहे. राइजनं नवं काही केलेलं नाही, पेन्सिल ठेवून किसणी घेतली एवढंच.

आणि तो पहिला भाग कसा केला तेही बघा. दिग्दर्शक सॅम रायमी विशीतला पोरगा. टेनेसीतल्या जंगलात, कडाक्याच्या थंडीत, १६ मिलिमीटरच्या फिल्मवर. झाडांतून ते न दिसणारं काहीतरी सूं करत धावत येतं ना, त्यासाठी महागडं यंत्र परवडणारं नव्हतं. लाकडी फळीच्या मध्ये कॅमेरा बांधला आणि दोन टोकांना दोन माणसं धरून पळत सुटली. राइजच्या सुरुवातीला तसाच शॉट येतो आणि तो चक्क ड्रोन निघतो. तेवढा विनोद राइजचा दिग्दर्शक ली क्रोनिननं केला आहे, तुमच्या नजरेतून सुटला. एकही वात्रटपणा नाही म्हणू नका.

विषय निघालाच आहे तर आपल्या गावाचंही सांगतो. रक्तपात हे काही अमेरिकेचं देणं नव्हे. बाबूराव पेंटरांनी इथं, कोल्हापुरात, ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला तो १९२० सालचा. त्यातला कीचकवध इतका हुबेहूब होता की सेन्सॉरची वक्रदृष्टी झाली. खरी कॉर्नरच्या कॅमेऱ्याच्या स्तंभाजवळनं रोज जाणाऱ्या किती जणांना हे ठाऊक आहे?

तोडीचा आहे का, याला माझं उत्तर: नाही. पहिल्यासमोर बाकी सगळे विद्यार्थी. त्यातल्या त्यात राइज वर्गात पहिल्या बाकावरचा.

पुलाची_शिरोली | दुपारी १:४४

डबा उघडून हा धागा वाचायला घेतला. डब्यात किसलेल्या गाजराची कोशिंबीर. आभारी आहे सगळ्यांचा.

विंगेतला_माणूस | दुपारी ४:२०

मी नाटकांची रंगभूषा करतो, त्यामुळं थिजण्याच्या मुद्द्यावर बोलायचा हक्क माझा.

रक्त थिजत नाही कारण थिजलेलं चालत नाही. एक प्रसंग सकाळी सुरू होतो आणि संध्याकाळी संपतो, पडद्यावर मात्र दोन मिनिटांचाच असतो. सकाळचा डाग आणि संध्याकाळचा डाग सारखा दिसायला हवा. म्हणून साखरेचा पाक. रायमीच्या पोरांनी पहिल्या भागात मक्याचं सिरप वापरलं. ते अंगावर वाळलं की कापड पुठ्ठ्यासारखं होतं आणि त्वचेला चिकटून बसतं. बिचाऱ्या नटांनी तशात थंडीचे दिवस काढले. दुसऱ्या भागात रक्त हिरवं-काळं का दिसतं? लाल कमी दिसलं तर सेन्सॉर जरा नरमेल, हा हिशेब होता.

आम्ही इथं काय करतो सांगू? काकवी. गुऱ्हाळावरनं ताजी आणायची, तिच्यात खायचा लाल रंग घालायचा. नुसत्या लाल रंगाचं रक्त दिव्याखाली गुलाबी मारतं, अगदी गोळेवाल्याच्या सरबतासारखं. काकवीचा तपकिरी मुळातच असल्यामुळं खोली येते. जाडी अशी की कपाळावरनं ओघळ सावकाश उतरतो, भुवईपाशी थांबतो आणि मग टपकतो. प्रेक्षकाला तो थांबण्याचा क्षण हवा असतो.

म्हणूनच मला राइजचं रक्त आवडलं. गडद आहे, जड आहे. २०१३ च्या भागात शेवटी आभाळातनं रक्ताचा पाऊस पडतो, तो देखणा आहे, पण पावसाला कोण घाबरतं? त्याच भागात पोरगी जीपखाली अडकलेला स्वतःचा हात उपसून काढते, तिथं कातडी ताणून ताणून मग तुटते. ते काम बघा. माझा क्रम लावायचा तर २०१३, मग १९८७, मग राइज, मग पहिला. जुनी_रीळ काका चप्पल घेऊन येणार, मला माहीत आहे.

जुनी_रीळ | दुपारी ४:३१

कोल्हापुरी आहे, करकर ऐकू येईलच.

रक्तीमुंडी | रात्री १०:५५

दुकान बंद होतं तरी दिवसभर घरचं काम, आत्ता वाचतोय.

पेन्सिलीचं मान्य, काका. तीन आठवड्यांपूर्वी बघितली आणि विसरलो, माझी चूक. ड्रोनचंही मान्य.

तिसरा_मजला ताई, तुमचं वाचून अंड्यांचा भाग परत लावला. आवाज बंद करून बघितला. ती तव्याकडं बघतच नाही, हात आपोआप चालतो. आमचे वडील शेवटच्या वर्षात तसंच करायचे. माणसं ओळखायचे नाहीत, पण सुरा हातात दिला की खिमा बरोबर बारीक. आम्ही मग सुरे कुलपात ठेवायला लागलो. हे काल रात्री डोक्यात का आलं नाही कोण जाणे. निम्मा म्हणालो होतो, ते मागं घेतो. पण वात्रटपणा कमी आहे यावर मी ठाम आहे.

आता कामाचं. विंगेतला_माणूस, लिटरभर काकवीला रंग किती? गल्लीतल्या मंडळाचा यंदा महिषासुराचा सजीव देखावा आहे आणि रक्ताचं खातं पोरांनी माझ्यावर टाकलंय. खरं आण म्हणत होते येडे. रात्रीतनं दहा-बारा प्रयोग होणार, महिषासुर आडवा पडून असणार. मुंग्यांचं काय करता?

विंगेतला_माणूस | रात्री ११:१८

रंग चमचा चमचा घाला आणि दर चमच्याला पांढऱ्या कापडावर टिपका टाकून मंडपातल्याच दिव्याखाली बघा. घरच्या ट्यूबखाली बघून ठरवू नका, फसाल. काकवी फार घट्ट वाटली तर कोमट पाणी, पण अगदी थोडं.

मुंग्या येणारच. दर प्रयोगानंतर ओल्या फडक्यानं पुसून काढायचं, दुसरा उपाय नाही. आणि महिषासुराला आधीच सांगून ठेवा, नाहीतर मेलेला राक्षस खाजवत उठतो. आमच्या एका प्रयोगात उठला होता.