आर्ची कॉमिक्सवर (अमेरिकेतल्या शाळकरी पोरांच्या चित्रकथांवर) खरीखुरी विनोदी मालिका निघाली तर कोणाला घ्याल?

मूषकराज
आर्चीवरचीच मालिका 'रिव्हरडेल' 2017 ते 2023 असे सात सीझन चालली, पण ती खून आणि रहस्यांची. झोया अख्तरचा 'द आर्चीज' (2023) हा चित्रपट गाण्यांचा. कॉमिक्समधला तीन चौकटींत उरकणारा आचरटपणा राहूनच गेला. तो करायचा तर माझी एकच अट : पोरं खरोखरची सोळा-सतराची हवीत आणि टायमिंग बघून निवडलेली. केस काय, रंगवता येतात.
जगहेड (आर्चीचा खादाड मित्र) : वॉकर स्कोबेल. 'द अ‍ॅडम प्रोजेक्ट'मध्ये रायन रेनॉल्ड्ससमोर पोरगं जराही दबलं नाही.
मिस्टर लॉज (आर्चीची मैत्रीण व्हेरॉनिका हिचा श्रीमंत बाप) : जे. के. सिमन्स. यावर वाद नको.
आर्चीला मात्र कोणी ओळखीचा नको.

झाकलीमूठ
सिमन्सना मुजरा, बाकी सपशेल असहमत. कॅलिफोर्नियात शाळा चालू असताना 16-17 वर्षांच्या कलाकाराला दिवसाला सहाच तास काम करता येतं, वर तीन तास अभ्यास. मुख्य पाचही जण अल्पवयीन घेतले तर एकत्र सीन लावणार कधी? म्हणून तर विशीतले घेतात. 'मीन गर्ल्स' या शाळेवरच्या चित्रपटाच्या वेळी रेजिना झालेली रेचल मॅकॅडम्स पंचविशीची होती. काय बिघडलं?

मूषकराज
रेजिनासमोर बाकीच्या पोरी चिल्ल्यापिल्ल्या वाटायला हव्यात, त्यामुळे रेचलचं वय पथ्यावरच पडलं. आणि समोरची लिंडसे लोहान सतराचीच होती की. आर्चीचं गणित उलटं. एकाच संध्याकाळी बेटी आणि व्हेरॉनिका दोघींना भेटायचं कबूल करून बसणारा सतराचा असला तर गाढव, पंचविशीचा दिसला की लफंगा.

उंटावरचा
स्कोबेलला विरोध. जगहेडचे डोळे कॉमिक्समध्ये बहुतेक वेळा मिटलेले असतात. कागदावर ती मिजास वाटते, पडद्यावर नटाला झोप आल्यासारखं दिसेल. म्हणजे सगळी भिस्त आवाजावर आणि थांबण्यावर. आर्ची लॉजसाहेबांची फुलदाणी फोडतो, त्यांचा बटलर स्मिदर्स त्याला धरून दाराबाहेर भिरकावतो, आणि पायरीवर बसलेला जगहेड तोंडातला बर्गरचा घास नीट चावून, गिळून मगच एक वाक्य बोलतो. तो घास संपेपर्यंत आपण श्वास रोखून बसलो पाहिजे. स्कोबेल गोड आहे, पण त्याची गंमत भराभर बोलण्यात. त्याला आर्चीचा प्रतिस्पर्धी रेजी करा हवं तर. 'द आर्चीज'मध्ये जगहेड झालेला मिहिर आहुजा या संथपणाच्या बराच जवळ गेला होता.

चिमणराव_नाही
मिहिर आहुजाला +१.
पण नवखा आर्ची म्हटल्यावर पैसा कोण लावणार? 2019 मध्ये 'किम पॉसिबल' या कार्टूनचा खऱ्या माणसांचा चित्रपट आला, त्यात सेडी स्टॅनली नवी होती. एका चित्रपटावर गाडी थांबली. बेटीसाठी मकेना ग्रेस घ्या, तिच्या नावावर लोक येतील, मग आर्ची कोणीही चालेल.

मूषकराज
सेडीचा काय दोष? कार्टूनमधल्या उड्या हाडामांसाच्या माणसांनी मारल्या की फिक्या पडतातच. आर्चीत उड्या नाहीत, फजिती आहे, आणि फजितीला ओळखीचा चेहरा लागत नाही. मकेना गुणी आहे, पण जन्म 2006 चा. अट म्हणजे अट.

झाकलीमूठ
बरं, घेतला तुमचा सतराचा. दुसरा सीझन येईपर्यंत तो एकोणीसचा होणार, दाढी येणार. मग काय, नापास झाला म्हणून सांगणार?

उंटावरचा
1941 पासून त्याच शाळेत आहे तो. कोणाला नवल वाटणार आहे?