प्रति: बेळगावचं हॉकी

बेळगावच्या हॉकीपटूंच्या या चर्चेत बंडू पाटलांचं नाव वर आलंच आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिक सुवर्णपदकाच्या संघात बेळगावचा माणूस होता, हे आपल्या पोरांना सांगावं लागतं ही शोकांतिकाच म्हणा! पण त्याच संघाच्या गोलात उभा असलेला शंकर लक्ष्मण कुणालाच कसा आठवला नाही?

माणूस मूळचा मध्य प्रदेशातल्या महूचा, हे कबूल. पण नोकरी मराठा लाइट इन्फंट्रीत, आणि त्या रेजिमेंटचं केंद्र आपल्या बेळगावच्या कॅम्पात. निपाणी-खानापूरकडच्या किती घरांतली पोरं तिथं भरती झाली, मोजून बघा. मग थोडा हक्क आपलाही.

१९५६ (मेलबर्न), ६० (रोम) आणि ६४ (टोकियो), तिन्ही ऑलिंपिक फायनल पाकिस्तानशी. या तिन्हींत मिळून त्यानं फक्त एक गोल खाल्ला, तो रोमला, आणि तेवढ्यानं सुवर्ण गेलं. मेलबर्नला तर अख्ख्या स्पर्धेत भारतावर गोलच झाला नाही. तेही डोक्यावर हेल्मेट नसताना! आजचा गोलकीपर तसा उभा राहील का हो? १९६६ च्या आशियाई सुवर्णाला कर्णधारही तोच.

६८ ला संघातून वगळलं आणि त्यानं हॉकीच सोडलं. नंतर सैन्यातून कॅप्टन म्हणून निवृत्त झाला. पद्मश्री होती, तरी २००६ साली पायाच्या गँगरीननं आणि पैशाच्या चणचणीत गेला. याचा मला अजून राग येतो.