मदत हवी आहे: आईचं गरोदरपणातलं हिमोग्लोबिन आणि बाळाचं वजन, एकत्र जोडलेला डेटा कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी,

सार्वजनिक आरोग्य विषयात एमएस्सी करते आहे, प्रबंधासाठी मदत हवी आहे. गरोदरपणात जिला रक्तक्षय होता तिचं मूल वर्षाचं होईपर्यंत वजनात मागे राहतं का, आणि उपचार लवकर सुरू झाले तर किती फरक पडतो, हे पाहायचं आहे. त्यासाठी आईची नोंद आणि त्याच आईच्या बाळाची पुढची नोंद जोडीने लागते. त्यामुळे एचएमआयएस (सरकारी आरोग्य केंद्रांची आकडेवारी जमा करणारी प्रणाली) बाद, कारण तिथे केंद्रनिहाय महिन्याच्या बेरजा असतात.

खरं तर कागदावर ही जोडणी झालेलीच असते. एका उपकेंद्रात आरोग्यसेविका ताईंनी मला माता-बाल संरक्षण कार्ड दाखवलं. पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन 8.4, आठव्या महिन्यात 9.6. पान उलटलं की बाळाचं जन्मवजन 2.3 किलो, लशींच्या तारखा आणि वाढीच्या आलेखावर पेनाने काढलेले ठिपके. मला हवं ते सगळं त्या एका कार्डात होतं! पण कार्ड राहतं आईकडे. संगणकात मात्र आईची नोंद आरोग्य विभागाच्या आरसीएच (प्रजनन व बालआरोग्य) पोर्टलवर जाते आणि बाळाचं दर महिन्याचं वजन अंगणवाडीतून पोषण ट्रॅकरवर, म्हणजे महिला व बालविकास विभागाकडे. दोन विभाग, दोन याद्या.

एका कार्यालयात अर्ज दिला होता. 'लाभार्थ्यांची माहिती बाहेर देता येत नाही' एवढंच उत्तर आलं. त्यांचं म्हणणं मला पटतं, या बायकांची नावं मला नकोच आहेत. पण नावं काढून डेटा मागायची रीत काय, ते कोणी सांगेना.

एनएफएचएसवर (राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी) भागेल का? आरसीएचचा डेटा मागायचा तर परवानगी कोणाची? आणि महाराष्ट्रातल्या एखाद्या जुन्या अभ्यासाचा डेटा विद्यार्थ्याला मिळू शकतो का?

प्रतिसाद १

एनएफएचएस-5 (2019-21) डीएचएस प्रोग्रामकडून (अनेक देशांतल्या अशा पाहण्यांचा डेटा ठेवणारा अमेरिकी कार्यक्रम) मोफत मिळत आलाय; नवी नोंदणी सध्या सुरू आहे का, ते आधी पाहा. नोंदणी करायची, विषयाचा सारांश द्यायचा. मुलांच्या फाइलमध्ये प्रत्येक पाच वर्षांखालच्या मुलाच्या ओळीतच आईची माहिती असते, त्यामुळे जोडाजोडीचा त्रास नाही.

पण तुमच्या प्रश्नाला तो पुरणार नाही, हे आत्ताच सांगते. त्यातलं आईचं हिमोग्लोबिन पाहणीच्या दिवशी बोटातून रक्त घेऊन मोजलेलं असतं. मूल तेव्हा तीन वर्षांचं असेल तर तो आकडा तिच्या गरोदरपणाबद्दल काहीच सांगत नाही. 52.2 टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय, हा जो आकडा सगळीकडे येतो, तो पाहणीच्या वेळी गरोदर असलेल्या बायकांचा आहे. त्यांची बाळं तेव्हा जन्मलेलीच नव्हती. हे दोन गट एकत्र करून लिहिलेले प्रबंध मी वाचले आहेत, म्हणून कळकळीने सांगते आहे.

गर्भारपणातल्या तपासण्या, लोहाच्या गोळ्या किती दिवस घेतल्या आणि जन्मवजन, एवढ्यावर प्रश्न बसवता आला तर मात्र हा डेटा उत्तम. जन्मवजन कार्डावरून लिहिलंय की आईच्या आठवणीतून, हेही नोंदलेलं असतं. आणि जन्मवजनाच्या रकान्यात 9996 म्हणजे वजन केलंच नाही. ते गाळल्याशिवाय सरासरी काढू नका.

प्रतिसाद २

ताई, मी जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागात काम केलंय. अर्ज करण्याआधी कॉलेजच्या एथिक्स कमिटीची मान्यता घ्या. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) 2017 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ओळख पुसलेल्या जुन्या नोंदींसाठी समिती संमतीतून सूट देऊ शकते. ते पत्र जोडून गाइडच्या सहीने जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे जा. एकापेक्षा जास्त जिल्हे हवे असतील तर पुण्याचं राज्य कुटुंब कल्याण कार्यालय.

अर्जात 'आरसीएच डेटा द्यावा' असं मोघम लिहू नका. कोणते रकाने, कोणता काळ, किती प्राथमिक आरोग्य केंद्रं, सगळं लिहा. जोडणी कार्यालयातच, त्यांच्याच माणसाने करावी आणि तुम्हाला नाव, मोबाइल, गाव, आरसीएच आयडी काढून नवा क्रमांक घातलेली फाइल मिळावी, अशी विनंती करा. जन्मतारखेऐवजी वय महिन्यांत मागा. अधिकाऱ्याला भीती असते ती नावं बाहेर जाण्याची. ती दूर झाली की बोलणं पुढे सरकतं.

आता मुख्य अडचण. नोंदणी सासरच्या उपकेंद्रात होते आणि पहिलं बाळंतपण माहेरी. बाळाची नोंद कित्येकदा तिकडेच नव्याने होते. बारशाआधी यादीत नुसतं 'बेबी ऑफ' आणि आईचं नाव, नंतर बाळाचं नाव वेगळं. मोबाइल नवऱ्याचा, तोही बदललेला. बीडकडे तर ऊसतोडीला गेलेलं कुटुंब दिवाळीनंतर थेट उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतं, मधली वजनं कोरी. म्हणजे जोडणी तुटते ती नेमकी पहिलटकरणींची आणि स्थलांतरितांची. जुळलेल्या जोड्यांवरच निष्कर्ष काढलात तर ज्यांची काळजी जास्त त्याच बायका गळतील. न जुळलेल्यांचं वय, कितवी खेप, पहिलं हिमोग्लोबिन, एवढं तरी वेगळं मागून घ्या आणि प्रबंधात तक्ता द्या.

प्रतिसाद ३

नागपूरची नोंदवही पाहा. अमेरिकेच्या एनआयसीएचडी या बालआरोग्य संशोधन संस्थेच्या ग्लोबल नेटवर्कमध्ये नागपूर आणि बेळगाव ही भारतातली दोन केंद्रं. गावोगावच्या गरोदर स्त्रियांची नोंद करून बाळंतपणानंतर 42 दिवसांपर्यंत आई-बाळ दोघांचा मागोवा घेतात. ओळख पुसलेला डेटा त्यांच्या 'डॅश' या ऑनलाइन डेटा भांडारातून मागता येतो.

वर्षभराची वाढच हवी असेल तर पुण्याच्या केईएम हॉस्पिटल रिसर्च सेंटरकडे विचारा. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 1993 पासून पुण्याजवळच्या सहा गावांत आया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास चालवलाय, मुलं मोठी होईपर्यंत. बारीक दिसणाऱ्या पण अंगात चरबी जास्त असलेल्या भारतीय बाळांची गोष्ट तिथूनच पुढे आली. तो डेटा डाउनलोड करायचा नसतो. संशोधन-प्रस्ताव लिहून सहकार्य मागावं लागतं.

धागाकर्ती

मनापासून आभार! गाइडशी बोलले. प्रश्न जन्मवजन आणि पहिल्या 42 दिवसांपुरता आणायचा आणि डॅशकडे अर्ज करायचा, असं ठरतंय. एका जिल्ह्याचा अर्जही प्रतिसाद २ प्रमाणे नव्याने लिहिते आहे. माहेर-सासरचा मुद्दा स्वतंत्र प्रकरण म्हणून घेणार. डॅशच्या करारावर गाइडची सही चालते का?

प्रतिसाद ३

नाही. संस्थेच्या वतीने करार करायचा अधिकार ज्यांना आहे त्यांची लागते. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी कुलसचिव किंवा अधिष्ठाता. तिथे फाइल फिरायला वेळ लागतो, तेव्हा एथिक्सचा अर्ज आणि हा करार एकाच वेळी सुरू करा.