पगारातून कापला जाणारा व्यवसाय कर नेमका कशासाठी?

प्रश्न: दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापतात. हा पैसा जातो कुठे? आणि साहेबाचेही तेवढेच कसे?

पगारपत्रक: हा महाराष्ट्राचा १९७५ चा कायदा, रोजगार हमी योजनेसाठीच आणलेला. शहरातल्या पगारातून गावच्या मजुरी‑कामाला पैसा. त्यात सरकारनेही तेवढीच भर घालायची. हमी योजना ही विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागेंची कल्पना. हमीचा कायदा १९७७ चा, अंमल २६ जानेवारी १९७९ पासून.

डावखुरा: हेतू उत्तम, पण रचना लंगडी. महिना ११ हजारवाल्याचे वर्षाला २५०० म्हणजे १.९ टक्के. ११ लाखवाल्याचेही २५००च, म्हणजे ०.०१९ टक्के. याला समता म्हणायचं?

प्रश्नकर्ता: मग राज्य सरकार वरचे टप्पे का वाढवत नाही?

पगारपत्रक: हात बांधलेत. राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ मध्ये वर्षाला २५०० ची कमाल मर्यादा आहे. १९८८ मध्ये साठाव्या घटनादुरुस्तीने २५० वरून तेवढी केली, त्यानंतर जैसे थे. राज्याला खालच्यांना सूट देता येते (महिलांना २५ हजारांपर्यंत ती आहेच), वरच्यांकडून जास्त घेता येत नाही.

डावखुरा: म्हणून मागणी मंत्रालयात नव्हे, दिल्लीत करायची. त्यातून श्रीमंतांच्या मालमत्तेवरचा संपत्ती कर केंद्राने २०१५ च्या अर्थसंकल्पातच गुंडाळलाय.